इन्फोमध्ये हरवायला होतं त्याबद्दल, आणि स्वतःच्या फायली तशाच जोडायच्या असतील तर

तुम्ही विचारलेले प्रश्न दोन आहेत, आधी ते सांगतो. (इन्फो म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामांची मॅन्युअलं वाचायचा प्रोग्राम.) पहिला असा की टर्मिनलमध्ये एलएस (फायलींची यादी दाखवणारी कमांड) हिची माहिती बघायला इन्फो एलएस टाइप केलं, मजकूर आला, मध्येच एका स्टारवाल्या ओळीवर एंटर मारलं तर दुसरं पान उघडलं, परत यायला पी दाबलं तर तिसरंच काहीतरी आलं, मग चिडून खिडकीच बंद केली. दुसरा असा की स्वतःच्या दोनेकशे टेक्स्ट फायली आहेत, त्या अशाच एकमेकींना जोडून ठेवता येतील का, ब्राउझर वगैरे नको.

येतील. पण आधी तो पीचा घोळ मिटवू, कारण तो ज्याला कळला त्याला स्वतःची फाईल बांधणं निम्मं कळलं.

(एक सूचना. मी फोनवरून मराठी कीबोर्डावर लिहितोय, दर शब्दाला भाषा बदलायचा कंटाळा आहे, म्हणून कमांडी पण देवनागरीतच लिहितो. तुम्ही टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांतच करायच्या. आणि हो, कॉम्प्युटरवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला असेल तर इन्फोच्या एक-अक्षरी कळा चालत नाहीत, एन दाबला की तिकडे ल की काहीतरी जातं आणि रीडर, म्हणजे इन्फो वाचून दाखवणारा प्रोग्राम, नुसता टुणकन आवाज करतो. मी यात एकदा पाव तास घालवलाय.)

तर, इन्फोमध्ये पानाला नोड म्हणतात. प्रत्येक नोडच्या डोक्यावर एक ओळ असते, तिच्यात फाईल, नोड, नेक्स्ट, प्रीव्ह, अप असं लिहिलेलं असतं. लोक ही ओळ वाचतच नाहीत, सजावट समजतात. तीच खरी दिशादर्शक पाटी आहे. आणि तिच्यातलं नेक्स्ट-प्रीव्ह-अप हे लेखकाने ठरवलेलं असतं, तुम्ही कुठून आलात याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. दासबोध डोळ्यासमोर आणा, २० दशक, प्रत्येकात १० समास. दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा. तुम्ही तो पंधराव्या दशकातून उडी मारून उघडलात काय किंवा सरळ वाचत आलात काय, त्याच्या पुढचा समास तोच राहणार आणि त्याच्या वर दुसरा दशकच राहणार. एन म्हणजे पुढचा समास, पी म्हणजे मागचा समास, यू म्हणजे वर, दशकावर. आणि तुम्ही जिथून उडी मारलीत तिथे परत जायचं असेल तर त्यासाठी वेगळी कळ आहे, एल. एल म्हणजे लास्ट. ती तुमच्या पावलांवरून मागे नेते.

तुमच्याबाबतीत काय झालं असेल ते मी जवळपास सांगू शकतो. इन्फो एलएस म्हणजे कोअरयुटिल्स (एलएससारख्या रोजच्या कमांडींचा संच) याच्या मॅन्युअलमधला एलएस इन्व्होकेशन हा नोड. त्यात सुरुवातीलाच कॉमन ऑप्शन्सकडे एक संदर्भ आहे. तिथे एंटर मारलात की तुम्ही पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात जाता. तिथे पी दाबलं की येते प्रस्तावना, कारण दुसऱ्या प्रकरणाच्या आधी पहिलं प्रकरणच असणार. बिचाऱ्या रीडरने सांगितलं तेच केलं. एल दाबलं असतंत तर सरळ एलएसवर परत.

ब्राउझरची सवय असलेल्याला हे विचित्र वाटतं कारण वेबवर लेखकाचा क्रम असा काही नसतोच, फक्त तुमचा मागचा प्रवास असतो. इन्फो वेबच्या आधीचं आहे. एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमनने हा मदत-मजकुराचा प्रकार काढला, आणि १९८५ पासून जो जीएनयू इमॅक्स हा एडिटर लोकांकडे जाऊ लागला त्याच्यासोबत तो सगळीकडे पसरला. टिम बर्नर्स-ली यांचा वेबचा प्रस्ताव त्यानंतर, १९८९ चा. त्यामुळे इन्फोवाल्यांच्या डोक्यात जाळं नव्हतं, पुस्तक होतं, पडद्यावर वाचायचं आणि त्याच मजकुरातून छापायचं पण. पुस्तकाला प्रकरणं असतात, शेवटी सूची असते. हे लक्षात ठेवलं की सगळ्या कळा आपोआप जागेवर बसतात.

आता कळा. सगळ्या पाठ करायची गरज नाही, मी पंचवीस वर्षं वापरतोय आणि रोज सात-आठच वापरतो. सर्वात कमी लेखलेली म्हणजे स्पेसबार. स्पेस दाबत राहा, पान खाली सरकतं, नोड संपला की आपोआप मेन्यूतल्या पहिल्या नोडमध्ये शिरतं, तो संपला की पुढच्यात, असं करत करत पूर्ण पुस्तक क्रमाने वाचून होतं, दुसरी कुठलीही कळ न दाबता. बॅकस्पेस उलटं. सरकवणं नको, नुसतं नोडनोड जायचं असेल तर चौकोनी कंस, उघडणारा मागे आणि बंद होणारा पुढे. एन आणि या बंद कंसात फरक आहे बरं का, एन त्याच पातळीवरच्या पुढच्या नोडला जातो, म्हणजे पोटातली उपप्रकरणं ओलांडून, कंस पोटात शिरतो. एखादं प्रकरण आपल्या कामाचं नाही असं दिसलं की एन, नीट वाचायचं असेल तर कंस किंवा स्पेस.

टॅबने पुढच्या दुव्यावर, एंटरने आत. एम दाबून मेन्यूतल्या ओळीची पहिली दोन-चार अक्षरं टाइप केली तरी चालतं, उरलेलं टॅबने भरतं. १ ते ९ आकडे दाबले की मेन्यूतली त्या त्या नंबरची ओळ उघडते. इन्फो इमॅक्समध्येही वाचता येतं, तिथे दर तिसऱ्या ओळीचा स्टार वेगळ्या रंगात दिसतो तो याचसाठी, मोजायला सोपं जावं म्हणून, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, मी समजायचो थीमची काहीतरी गडबड आहे. टी म्हणजे त्या पुस्तकाचं पहिलं पान, डी म्हणजे सगळ्या पुस्तकांची यादी, जी म्हणजे नाव सांगून थेट नोडवर, दुसऱ्या पुस्तकातला हवा असेल तर आधी गोल कंसात फाईलचं नाव आणि लगेच नोडचं. क्यूने बाहेर. खिडकी बंद करायची गरज नाही हो.

आणि मग आय. हिच्यासाठी मी वेगळा परिच्छेद खर्च करणार.

आय म्हणजे सूची, पुस्तकाच्या मागे असते तशी इंडेक्स. समजा फाइंड कमांडमध्ये मायनस एमटाइम (फाईल कधी बदलली त्यावरून शोधणारा ऑप्शन) नेमकं कसं मोजतं ते बघायचंय. नवीन माणूस एस दाबून शोध मारतो, आणि तो शब्द जिथे जिथे आलाय तिथे सगळीकडे धडपडत फिरतो, उदाहरणात, इशाऱ्यात, कुठेही. आय दाबून तोच शब्द दिला तर लेखकाने ज्या जागी त्याचं खरं स्पष्टीकरण दिलंय तिथे थेट जातो, आणि ती जागा नको असेल तर स्वल्पविराम दाबायचा, पुढची नोंद. शोध हा यंत्राने केलेला असतो, सूची माणसाने. मी कुठलंही अनोळखी मॅन्युअल उघडलं की पहिली कळ आय दाबतो, आणि त्यातून काही सापडलं नाही तरच एस. बाहेरूनच करायचं असेल तर इन्फो कमांडला दोन डॅश इंडेक्स-सर्च असा ऑप्शन देता येतो.

एक जाता जाता. तुम्ही इन्फो बॅश, इन्फो जीसीसी असं काहीतरी केलंत आणि एकच लांबलचक पान आलं, मेन्यू नाही, काही नाही, तर तुमच्याकडे ते मॅन्युअल बसवलेलंच नाही. इन्फोला फाईल मिळाली नाही की तो गुपचूप मॅन पेज, म्हणजे त्या कमांडचं एकपानी माहितीपत्रक, दाखवतो आणि लोक म्हणतात इन्फो आणि मॅन एकच तर आहे. डेबियन या लिनक्सवर हे जास्त होतं. तिथे जीएनयू (स्टॉलमनचाच मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प) याची बरीचशी मॅन्युअलं नॉन-फ्री विभागात टाकलेली आहेत, कारण त्यांच्या परवान्यात न बदलता येणारे भाग आहेत आणि डेबियनच्या नियमात ते बसत नाही. इमॅक्सचं स्वतःचं मॅन्युअल सुद्धा तिथे वेगळं पॅकेज टाकून घ्यावं लागतं. वाद जुना आहे, दोन्ही बाजू हट्टी आहेत, आपण पॅकेज टाकायचं आणि पुढे जायचं.

आता तुमच्या दोनशे फायली.

आधी हे बघू की इन्फो फाईल आतून असते कशी, कारण ती इतकी साधी आहे की बघितल्यावर हसू येतं. साधा टेक्स्ट. नोड जिथे सुरू होतो त्याच्या आधी एक अदृश्य अक्षर असतं, आस्की या अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यातलं ३१ नंबरचं, कंट्रोल-अंडरस्कोर. इमॅक्समध्ये ते घालायला कंट्रोल-क्यू आणि मग कंट्रोल-अंडरस्कोर, व्हीआय एडिटरमध्ये कंट्रोल-व्ही आणि मग तेच. त्याच्या पुढच्या ओळीत ती पाटी, फाईल कोलन अमुक स्वल्पविराम नोड कोलन तमुक असं. मग मजकूर. मेन्यू सुरू करायचा तर एका ओळीत स्टार, स्पेस, मेन्यू, कोलन. त्याखाली प्रत्येक ओळीत स्टार, स्पेस, नोडचं नाव आणि दोन कोलन. मजकुराच्या मध्येच दुवा द्यायचा तर स्टार-नोट, नाव, दोन कोलन. झालं, एवढंच. मी पहिली फाईल अशीच हाताने केली होती, तेव्हा घरी डायल-अप होतं आणि नेट मिनिटावर मोजायचो, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलेलं, त्यात जे होतं तेच गुरू.

हाताने केलेल्या फाईलला शेवटी तक्ता नसला तरी चालतो, रीडर पूर्ण फाईल वाचून नोड शोधून घेतो. पण प्रोग्रामने बनवलेल्या फाईलच्या शेवटी टॅग टेबल असतं, कुठला नोड कितव्या बाइटपासून सुरू होतो त्याची यादी, म्हणजे मोठ्या फाईलमध्ये थेट उडी मारता येते. आणि इथे मराठीत लिहिणाऱ्याने कान टवकारायचे. अशी बनवलेली फाईल तुम्ही एडिटरमध्ये उघडून हाताने दुरुस्त केलीत तर पुढचे सगळे आकडे चुकतात. रीडर समजूतदार आहे, सांगितलेल्या जागी नोड नसेल तर आसपास १००० बाइटपर्यंत शोधतो. इंग्रजीत १००० बाइट म्हणजे १००० अक्षरं, एखादा परिच्छेद घातला तरी खपून जातं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे, स्त्री या एका अक्षरात स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. म्हणजे मराठीत जेमतेम ३३३ चिन्हांची सूट, चार-पाच ओळी. मी एका नोडमध्ये एक छोटं टिपण घातलं आणि खालचे सगळे नोड टर्मिनलवाल्या रीडरला दिसेनासे झाले, इमॅक्समध्ये मात्र सगळं ठीक, कारण तो जवळपास मिळालं नाही तर अख्खी फाईल धुंडाळतो. दोन दिवस मी फाईल खराब झाली समजत होतो. इमॅक्समध्ये इन्फो-टॅगिफाय नावाची कमांड आहे, ती तक्ता नव्याने बांधते. पण मुळात बनवलेल्या फाईलला हात लावूच नये, मूळ फाईल दुरुस्त करून पुन्हा बनवावी.

ती मूळ फाईल म्हणजे टेक्सइन्फो, आणि तिच्यावरून इन्फो फाईल बनवणारा प्रोग्राम म्हणजे मेकइन्फो. दोनशे नोट्ससाठी मी हाच रस्ता सांगेन, हाताने पाट्या लिहीत बसू नका, नेक्स्ट-प्रीव्ह जुळवता जुळवता वेड लागेल, मध्ये एक नोड घातला की तीन ठिकाणी बदल. टेक्सइन्फोमध्ये फक्त @नोड आणि नाव लिहायचं, खाली @चॅप्टर किंवा @सेक्शन आणि शीर्षक, आणि मेन्यूत त्यांची नावं द्यायची. नेक्स्ट, प्रीव्ह, अप मेकइन्फो स्वतः काढतो. मेकइन्फो पूर्वी सी भाषेत लिहिलेला होता, ब्रायन फॉक्सचा, हो, बॅश लिहिणारा तोच, २०१३ ला ५.० आवृत्तीपासून पर्ल भाषेत नव्याने आला. तेव्हापासून थोडा हळू झालाय पण चुका जास्त नीट दाखवतो, माझी तक्रार नाही.

उदाहरण म्हणून माझीच फाईल सांगतो. आईच्या हातच्या पदार्थांच्या नोट्स मी अशा बांधल्यात. आधी त्या पण तुमच्यासारख्याच सुट्या फायली होत्या, आमटी डॉट टेक्स्ट, मसालेभात डॉट टेक्स्ट, भरली वांगी डॉट टेक्स्ट, आणि प्रत्येकात गोडा मसाला कसा करायचा ते परत परत लिहिलेलं, आणि तिन्हीकडे प्रमाण वेगळं! कारण तीन वेगवेगळ्या वर्षी विचारून लिहिलेलं. जोडलेल्या फायलीचा खरा फायदा इथे आहे. गोडा मसाला एकदाच लिहायचा, मसाले या प्रकरणाखाली, आणि आमटीत नुसता दुवा द्यायचा, @एक्सरेफ, महिरपी कंसात गोडा मसाला. म्हणजे मेन्यू सांगतो वस्तू कुठे राहते, आणि संदर्भ सांगतो तिचं कुठे कुठे काम पडतं. प्रत्येक गोष्टीचं घर एकच. तुमच्या दोनशे फायली बघताना फक्त एवढा एकच प्रश्न विचारत जा, हिचं घर कुठलं. ज्या फाईलला दोन घरं वाटतात तिच्यात बहुतेक दोन विषय आहेत, ती फोडा.

माझा पहिला प्रयत्न उलटा होता. मी आधी दुवे घालत सुटलो, जे जे आठवेल ते जोडलं, झाड नाहीच. आठ दिवसांनी मलाच काही सापडेना, स्पेसने वाचत गेलो तर कोशिंबिरीनंतर अनारसे. मग सगळं मोडून आधी कागदावर प्रकरणं पाडली, पाच-सहाच, मग प्रत्येक नोट कुठल्यातरी एका प्रकरणात टाकली, आणि दुवे सर्वात शेवटी, तेही जिथे वाचणाऱ्याला खरोखर तिकडे जावं लागेल तिथेच.

दुव्यांचे तीन प्रकार आहेत आणि लोक त्यात गडबडतात. @एक्सरेफ वाक्याच्या सुरुवातीला वापरायचा, तो स्वतःच मोठ्या एनने नोट असा शब्द घालतो आणि छापताना सी असा. @पीएक्सरेफ गोल कंसाच्या आत. @रेफ वाक्याच्या मध्ये किंवा शेवटी. @एक्सरेफनंतर पूर्णविराम किंवा स्वल्पविराम हवाच, नाहीतर मेकइन्फो कुरकुरतो, आणि ती कुरकुर उगाच नाही, दुव्याला वेगळं लेबल दिलेलं असेल तर इन्फोच्या फाईलमध्ये नोडचं नाव कुठे संपलं हे रीडरला त्या चिन्हावरूनच कळतं. मराठीत हे जरा अडचणीचं आहे कारण मोठा एन, छोटा एन आपल्याकडे नाही आणि आपलं वाक्य क्रियापदाने संपतं, "सविस्तर कृती @एक्सरेफ मध्ये पाहा" असं लिहिलं की पडद्यावर विचित्र दिसतं. मी सरळ सगळीकडे @रेफ वापरतो आणि वाक्य असं फिरवतो की दुवा शेवटी येईल. मसाल्याचं प्रमाण इथे, आणि मग दुवा. कानाला ठीक लागतं.

नोडच्या नावात काय नको हे फार महत्त्वाचं आहे आणि मराठीत तर जास्तच. कोलन, स्वल्पविराम, पूर्णविराम, गोल कंस, यातलं काही नको. कारण तेच, रीडर नाव कुठे संपतं ते याच चिन्हांवरून ओळखतो. आता आपले लोक विसर्ग कसा टाइप करतात? दु:ख, स्वत:, अंत:करण, निम्म्या जणांचा विसर्ग म्हणजे कीबोर्डावरचा कोलन असतो. दिसायला तसाच. मी एका नोडला "स्वत:चे लोणचे" असं नाव दिलं होतं, इमॅक्समध्ये उघडत होता, टर्मिनलमध्ये सांगायचा की "चे लोणचे" नावाचा नोड नाही. अर्धा तास मी त्या लोणच्याकडे बघत होतो. टर्मिनलवाला रीडर पहिल्या कोलनला थांबतो, इमॅक्स मात्र कोलनला लागूनच पुढचं अक्षर असेल तर समजून घेतो, पण त्यावर विसंबू नका. खरा विसर्ग वेगळं चिन्ह आहे, त्याने काही बिघडत नाही. तसंच डॉ., सौ., इ.स., कि.मी. हे टिंबवाले प्रकार नोडच्या नावात नकोत, शीर्षकात खुशाल लिहा.

मी तर पुढे जाऊन सांगेन की नोडचं नाव छोटं ठेवा आणि रोमन अक्षरांत ठेवा, शीर्षक मराठीत. आमच्या मित्रांत यावर मतभेद आहेत, एक जण म्हणतो मराठी फाईल तर मराठीच नावं. तत्त्व म्हणून बरोबर आहे त्याचं. पण जी किंवा एम दाबल्यावर दर वेळी कीबोर्ड मराठी करा, नाव टाइप करा, परत इंग्रजी करा, नाहीतर पुढची कळ चालणार नाही, हे दिवसातून वीसदा करून बघा. इमॅक्समध्ये देवनागरी आयट्रान्स (रोमन अक्षरांतून देवनागरी) इनपुट पद्धत लावली तर ती फक्त टाइप करण्यापुरती असते, कळांना त्रास नाही, तिथे मराठी नावं झेपतात. टर्मिनलमध्ये नाही. टर्मिनलमध्ये तसंही जोडाक्षरं आणि काना-मात्रा नीट बसतीलच असं नाही, ओळी वेड्यावाकड्या दिसतात. मराठी मजकूर वाचायला इमॅक्सची ग्राफिकल खिडकीच घ्या, २०२० मध्ये आलेल्या २७ आवृत्तीपासून त्यात हार्फबझ (अक्षरं जोडून दाखवणारी लायब्ररी) आहे, अक्षरं छान जुळतात.

सुट्या फायलींचं टेक्सइन्फो करताना एक खड्डा हमखास लागतो. टेक्सइन्फोमध्ये @ आणि दोन्ही महिरपी कंस ही खास चिन्हं आहेत. तुमच्या नोट्समध्ये ईमेल पत्ते असतील, प्रोग्रामचे तुकडे असतील, तर तिथे @ च्या जागी दोनदा @, आणि कंसाच्या आधी @ लावावा लागतो. हे आधी एकगठ्ठा बदलून घ्या, आणि मगच @नोड वगैरे घाला, उलट क्रमाने केलं तर तुमचेच @नोड दुप्पट होऊन बसतील. हे मी केलंय, होय. बाकी दोनशे फायलींना प्रत्येकीच्या पहिल्या ओळीवरून नोडचं नाव आणि शीर्षक करून देणारी छोटीशी स्क्रिप्ट तुम्ही तासाभरात लिहाल. फायली वेगळ्याच ठेवायच्या असतील तरी हरकत नाही, मुख्य फाईलमधून @इन्क्लूडने ओढून घ्या, वाचणाऱ्याला एकच पुस्तक दिसतं. दोनशे वेगवेगळ्या इन्फो फायली करून त्यांच्यात दुवे देऊ नका, मग एकच सूची मिळत नाही, एस पण एकाच फाईलपुरता चालतो.

डोक्यावर @डॉक्युमेंटएन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायला विसरू नका. शेवटी सूची घालायला @प्रिंटइंडेक्स सीपी आणि फाईल संपवायला @बाय.

आणि सूचीच्या नोंदी, @सीइंडेक्स. कंटाळा येतो, मान्य. पण हेच काम नंतर वसूल होतं. मी गोडा मसाल्याच्या नोडमध्ये दगडफूल, नागकेशर, तीळ, खोबरं अशा नोंदी टाकल्या, शिवाय "मसाला कडवट झाला तर" अशी पण एक, कारण मी स्वतः तसंच आठवणार. वस्तूचं नाव नव्हे, अडचण ज्या शब्दांत डोक्यात येते ते शब्द. सहा महिन्यांनी आय दाबून "कडवट" टाइप केलं आणि नेमकं तिथे गेलो. नोंद लिहायची वेळ म्हणजे नोट पुन्हा वाचताना, सगळं एकदम करायला बसलात तर वीस फायलींनंतर सोडून द्याल.

मेकइन्फो चालवला की तो सांगतो कुठला दुवा नसलेल्या नोडकडे जातोय. हे मला वेबपेक्षा फार आवडतं, तुटका दुवा वाचणाऱ्याला सापडायच्या आधी लिहिणाऱ्याला सापडतो. ते इशारे शून्यावर आणा, दुर्लक्ष करू नका. नोडचं नाव बदलायची वेळ आली, आणि दुसऱ्या कुठल्या फाईलमधून त्याच्याकडे दुवा असेल, तर जुन्या नावाचा @अँकर त्याच जागी ठेवून द्या, जुने दुवे चालू राहतात.

छापायचं म्हणाल तर इंग्रजी मजकूर टेक्स या छपाईच्या जुळणीच्या प्रोग्राममधून सुंदर निघतो, मराठीला तिथे फॉन्टची झटापट आहे, मी त्या नादी लागत नाही. मेकइन्फोला दोन डॅश एचटीएमएल आणि दोन डॅश नो-स्प्लिट दिलं की सगळं एका पानात येतं, ते ब्राउझरमधून छापायचं. आईकडे तीच छापील प्रत आहे, तिच्यावर हळदीचे डाग आहेत आणि समासात पेन्सिलने दुरुस्त्या, दर दिवाळीला जाऊन मी त्या मूळ फाईलमध्ये उतरवतो.

राहिलं ते डी दाबल्यावर येणाऱ्या यादीत तुमचं पुस्तक दिसण्याचं. मूळ फाईलमध्ये @डिरकॅटेगरी आणि @डिरएंट्री लिहा, घरच्या फोल्डरमध्ये एक इन्फो नावाचं फोल्डर करा, तयार झालेली फाईल त्यात ठेवा आणि इन्स्टॉल-इन्फो कमांडला आधी तुमची फाईल आणि मग त्याच फोल्डरातली डिर नावाची फाईल द्या, ती नसेल तर तो बनवतो. मग इन्फोपाथ या व्हेरिएबलमध्ये त्या फोल्डरचा पत्ता, आणि पत्त्याच्या शेवटी एक कोलन. तो विसरलात तर यादीत फक्त तुमचंच पुस्तक दिसेल आणि सिस्टिमची बाकी सगळी गायब, कारण शेवटच्या कोलनचा अर्थ "आणि नेहमीच्या जागाही" असा आहे. लोणच्यात नको असलेला कोलन तो इथे लागतो.